सामोथ्रेसचं गुपित आणि आमची खुरपी

प्रश्न तीन तुकड्यांत आला आहे. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात जिन्याच्या माथ्यावर उभी असलेली पंखांची, बिनडोक्याची विजयदेवी पाहिली आणि पाटीवर ‘सामोथ्रेस’ हे नाव वाचलं. पुढे असं वाचनात आलं, की त्या बेटावर एक गूढ दीक्षा दिली जायची आणि आत काय घडतं ते दीक्षितांनी कधी बाहेर फोडलं नाही. मग दीडशे वर्षं खोदून पुरातत्त्ववाल्यांना मिळालं काय? खोदून असा विधी कळतो का? आणि देवीचं डोकं कधी सापडेल का?

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी खापरवाला. पुण्यात शिकलो, महाराष्ट्रातल्या पांढरीच्या टेकाडांवर बरीच वर्षं घालवली आणि नंतर काही हंगाम ग्रीसमध्ये खापरं धुण्यात, जोडण्यात आणि मोजण्यात गेले. सामोथ्रेसवर मी स्वतः खोदलेलं नाही. तिथे गेलो तो पाहुणा म्हणून, पण प्रत्येक वेळी वही भरून परतलो.

सरळ उत्तर असं, की मुख्य विधी कळलेला नाही आणि बहुधा कळणारही नाही. पण गुपित राखायचं तर त्याला जागा लागते. भिंत लागते, दार लागतं, दारावर अडवणारा लागतो, रात्री दिवे लागतात, जमलेल्यांना खायला-प्यायला लागतं आणि या सगळ्याचा खर्च उचलणारा कोणीतरी यजमान लागतो. कानमंत्र मातीत उरत नाही, ही व्यवस्था मात्र उरते. सामोथ्रेसवर ती इतकी उरली आहे, की मला तरी ती गुपितापेक्षा जास्त रंजक वाटते.

बेट आहे ईजियन समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यात, थ्रेसच्या किनाऱ्यासमोर. मधोमध 1,611 मीटर उंचीचा फेंगारी नावाचा डोंगर थेट समुद्रातून उठतो. होमरच्या महाकाव्यात समुद्रदेव पोसायडन याच शिखरावर बसून ट्रॉयचं युद्ध पाहतो. कवीची ही कल्पना भूगोलाला धरून आहे. हवा स्वच्छ असली तर मधल्या इम्ब्रोस बेटाच्या डोक्यावरून नजर थेट ट्रॉयच्या बाजूला जाते. पण इतका मोठा डोंगर असूनही बेटाला धड नैसर्गिक बंदर नाही. रोमन लेखक प्लिनीने सगळ्या बेटांत बंदराच्या बाबतीत सर्वांत वाईट म्हणून त्याची नोंद केली. इ.स. 18 मध्ये रोमन राजपुत्र जर्मानिकस इथले विधी पाहायला निघाला होता, त्याला उत्तरेच्या वाऱ्याने परत फिरवलं. आज अलेक्झांड्रोपोलीहून फेरीने दोनेक तासांत पोचता येतं, पण वारा चढला की फेरी रद्द होते आणि धक्क्यावरच्या चहावर दिवस काढावा लागतो. मी काढला आहे.

आता यातली गंमत पाहा. समुद्रात बुडण्यापासून वाचवणारे देव म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्या दर्शनाला जायचं तर आधी याच बेभरवशाच्या समुद्रातून जीव मुठीत धरून जायचं. रोमन लेखक सिसेरोने एक किस्सा दिला आहे. डायागोरस नावाचा नास्तिक सामोथ्रेसला गेला असता मित्राने त्याला वादळातून वाचलेल्यांनी वाहिलेली चित्रं दाखवली आणि विचारलं, आता तरी देव माणसाची काळजी घेतात हे पटतं का? डायागोरस म्हणाला, बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर नवस फेडायला फक्त तरलेला येतो. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने हे वाक्य आपल्या खोक्यावर लिहून ठेवावं. आम्हाला जे सापडतं तेही वाचलेलंच असतं.

या देवांना बेटावर नुसतं ‘थोर देव’ म्हणत. बाहेरचे लेखक त्यांना ‘काबिरी’ म्हणतात, पण बेटावरच्या शिलालेखांत तो शब्द नाही. एका प्राचीन लेखकाच्या आधाराने त्यांची अॅक्सिएरोस, अॅक्सिओकेर्सा, अॅक्सिओकेर्सोस आणि कास्मिलोस अशी नावं आपल्यापर्यंत आली आहेत. ती ऐकायलाच ग्रीक वाटत नाहीत. डायोडोरस या इतिहासकाराने लिहून ठेवलं होतं, की इथल्या विधींत जुन्या स्थानिक भाषेतले पुष्कळ शब्द टिकून होते. पुढे उत्खननात खापरांवर कोरलेली अक्षरं सापडली. लिपी ग्रीक, भाषा वेगळी, बहुधा थ्रेसची. अर्थ अजून धड लागत नाही, पण डायोडोरस थापा मारत नव्हता एवढं त्या खापरांनी सिद्ध केलं. ज्या मंत्राचा अर्थ पुजाऱ्यालाही पुरता कळत नाही तो जास्त पवित्र मानला जातो, हे मराठी वाचकाला मी वेगळं सांगायला नको.

दीक्षेबद्दल जे पक्कं माहीत आहे ते बहुतांशी दगडांवरून. दीक्षा घेणाऱ्यांच्या नावांच्या याद्या कोरलेल्या मिळाल्या आहेत. त्यांत पुरुष आहेत, बायका आहेत, स्वतंत्र नागरिक आहेत, गुलाम आहेत, ग्रीक आहेत, रोमन आहेत. अथेन्सजवळच्या एलेउसिसची दीक्षा वर्षातल्या ठरलेल्या दिवसांतच मिळे. इथे समुद्र खुला असलेल्या साऱ्या मोसमात केव्हाही मिळत असे. पायऱ्या दोन होत्या. पहिलीवरचा तो दीक्षित, दुसरीवरचा तो ‘पाहिलेला’. काही जणांनी दोन्ही पायऱ्या एकाच भेटीत उरकल्याच्या नोंदी आहेत. पुन्हा बोट कधी मिळेल याची खात्री कोणाला होती?

आणि दारावरचा हुकूमही सापडला. ग्रीक आणि लॅटिन अशा दोन भाषांत कोरलेला एक दगड आहे: ज्याने दीक्षा घेतली नाही त्याने आत येऊ नये. लॅटिन का? कारण रोमन लोक आपल्या कुलदेवतांचं मूळ ट्रॉयच्या कथेमार्गे सामोथ्रेसशी जोडत, त्यामुळे रोमन अधिकारी, व्यापारी, सैनिक इथे रांग लावत. मंदिरांच्या बाहेर दोन भाषांतल्या पाट्या आपल्याकडेही दिसतात आणि त्यावरून गर्दी कुठून येते ते कळतं.

याला जोडून एक आठवण सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांत ‘धेनुकाकटचा यवन’ अमुक, त्याचं दान हा खांब, असे लेख आहेत (यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परका). जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद हे यवन भेटतात. कोणी पाण्याची टाकी खोदून दिली, कोणी भोजनमंडप. ही माणसं नेमकी कोण, यावर वाद आहेत. मला त्यांतून एवढंच उचलायचं आहे, की तिथल्या भिक्षूंनी काय ध्यान केलं हे आपल्याला दगडावरून कळत नाही. पण कोण कुठून आलं, कशावर खर्च केला आणि आपलं नाव कुठे दिसावं असं त्याला वाटलं, हे लख्ख कळतं. सामोथ्रेसच्या याद्या वाचताना मला सारखी कार्ल्याची आठवण येते.

आता खोदकामाकडे येऊ. सुरुवात फारशी शोभादायक नाही. इटालीचा प्रवासी किरियाकस 1444 मध्ये इथे येऊन शिलालेख उतरवून गेला होता. पण गाजली ती एप्रिल 1863 ची घटना. शार्ल शांप्वाझो नावाचा फ्रेंच उपवाणिज्यदूत आजच्या तुर्कस्तानातल्या एद्रिनेला नेमलेला होता. त्या काळी बेट उस्मानी राज्यात होतं. लूव्हरसाठी काहीतरी चांगलं मिळावं म्हणून त्याने माणसं लावली आणि विजयदेवीचं धड व पंखांचे असंख्य तुकडे हाती लागले. ते त्याने पॅरिसला धाडले. शेजारी करड्या संगमरवराचे मोठमोठे ठोकळे पडले होते. ते कुठल्या तरी थडग्याचे असतील अशा समजुतीने तसेच सोडून दिले.

1873 आणि 1875 मध्ये अलेक्झांडर कोन्झ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रियाचं पथक आलं. यांची पद्धत निराळी होती. सोबत वास्तुरचनाकार होते, छायाचित्रकार होता आणि त्यांचा अहवाल पुरातत्त्वातल्या छायाचित्रांसह छापलेल्या पहिल्या मोठ्या अहवालांपैकी एक ठरला. त्यांनीच ते करडे ठोकळे पाहिले आणि मॅसिडोनच्या डिमिट्रियस राजाच्या नाण्यांशी ताडून पाहिले. त्या नाण्यांवर विजयदेवी जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभी आहे. ठोकळे एकमेकांशेजारी मांडल्यावर जहाजाची नाळच तयार होत होती. शांप्वाझो 1879 मध्ये परत आला आणि तेही ठोकळे घेऊन गेला. आज आपण जी मूर्ती जहाजावर उतरलेली पाहतो, ती अशी दोन देशांच्या लोकांनी, सोळा वर्षांच्या अंतराने, एकमेकांच्या चुकांवर पाय देत जुळवली.

मूर्ती कुठल्या प्रसंगाची, कोणी वाहिली, यावर अजून भांडणं चालू आहेत. मूर्तीचा दगड पारोस बेटाचा, नाळेचा दगड ऱ्होड्सच्या लार्तोस खाणीतला; त्यामुळे ऱ्होड्सवाल्यांनी आरमारी विजयानंतर इ.स.पू. 200 ते 190 च्या आसपास वाहिली असावी, हे मत बरेच जण मानतात. मी त्या बाजूला झुकतो, पण पैज लावणार नाही.

खरा धडा आहे तिच्या हाताचा. एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी नाण्यावरून ठरवून टाकलं होतं, की देवीच्या हातात तुतारी असणार, आणि तशी चित्रंही काढली. 1950 मध्ये अमेरिकन पथकाला मूर्तीच्या मूळ जागेजवळ उजव्या हाताचा तळवा सापडला. त्याला जुळणारा अंगठा आणि एका बोटाचं टोक व्हिएन्नाच्या संग्रहालयात कोन्झच्या काळापासून पडून होतं, कोणाचं ते कोणाला माहीत नव्हतं. हे सगळं जोडल्यावर दिसलं, की तळवा उघडा आहे, हातात काहीच नव्हतं. पाऊणशे वर्षं वाजणारी तुतारी एका तळव्याने बंद केली. लूव्हरमध्ये पुन्हा गेलात तर मूर्तीजवळच्या काचेत तो हात आहे, गर्दी त्याच्याकडे पाहत नाही.

पद्धतशीर उत्खनन मात्र 1938 पासूनचं. कार्ल लेमान हे जर्मनीतून नाझींमुळे बाहेर पडलेले विद्वान, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वतीने त्यांनी काम सुरू केलं. युद्धाने मध्ये खंड पाडला. नंतर त्यांच्या पत्नी फिलिस विल्यम्स लेमान, मग जेम्स मॅक्रेडी, आणि आता एमरी विद्यापीठाच्या बॉना वेस्कोट, अशी ही परंपरा चालू आहे. एकाच जागेवर तीन-चार पिढ्या टिकून राहिल्या म्हणजे एक फायदा होतो: आधीच्याची चूक दुरुस्त करायला पुढचा तिथेच असतो.

त्या चुकांबद्दल बोलायलाच हवं, कारण ‘खोदून विधी कळतो का’ याचं उत्तर तिथे आहे. लेमान अफाट वाचलेला माणूस. त्यांनी एका इमारतीला ‘अनाक्तोरोन’ असं नाव दिलं, ती इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीची ठरवली आणि पहिल्या पायरीची दीक्षा इथे होत असे असं मांडलं. दुसरी पायरी ‘हिएरोन’ या मोठ्या सभागृहात. हिएरोनबाहेर दोन दगड होते. त्यांवर उभं राहून दीक्षार्थी मशालीच्या उजेडात आपल्या पापाची कबुली देत असे, असं त्यांचं म्हणणं. कबुलीची कल्पना आली प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराच्या एका किश्शावरून. स्पार्टाचा सेनापती लायसँडर सामोथ्रेसला गेला तेव्हा पुजाऱ्याने त्याला विचारलं, आयुष्यातलं सर्वांत मोठं पाप कोणतं? लायसँडर म्हणाला, हे तुम्ही विचारता की देव? देव, असं पुजारी म्हणाला. मग तुम्ही बाजूला व्हा, त्यांनी विचारलं तर त्यांनाच सांगेन.

किस्सा झकास आहे. पण किस्सा, दोन दगड आणि एक रिकामं सभागृह यांची गाठ मारणं म्हणजे तीन वेगवेगळ्या गावच्या वऱ्हाड्यांना एकाच पंगतीत बसवणं. पुढे अनाक्तोरोनच्या पायाखालच्या भरावातली खापरं नीट तपासली तेव्हा इमारत रोमन काळातली, इ.स. च्या पहिल्या शतकातली निघाली. म्हणजे पाचशे वर्षांची चूक! मॅसिडोनचा राजा फिलिप, त्याची राणी ऑलिम्पियास, नंतरची राणी आर्सिनोई (ही मंडळी पुढे भेटतीलच) यांच्या काळी ती इमारत उभीच नव्हती. त्यांची दीक्षा तिथे झाली असणं शक्य नाही. सगळा मांडलेला विधीक्रम कोसळला. तोही मूठभर खापरांनी, म्हणून मला जास्त आनंद होतो हे मान्य करतो.

लेमानना हसायचा मला मात्र अधिकार नाही. माझ्या उमेदीच्या काळात एका गावाबाहेरच्या टेकाडावर दगडांचं गोल कोंडाळं लागलं, आत राख, पांढरट ढेकळं, दगडांवर जळल्याच्या खुणा. मी डायरीत ठळक अक्षरांत लिहिलं, ‘यज्ञकुंड’. दुपारी घमेलं रिकामं करून आलेल्या एका आजींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “सायेब, ही चुन्याची भट्टी हाय. आमच्या आज्याची अशीच व्हती.” ढेकळावर आम्लाचे थेंब टाकले, फसफसलं. आजींचं बरोबर होतं. त्या पानावरची खोडलेली ओळ मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

तर मग विश्वासाने काय म्हणता येतं? सामोथ्रेसवर चालून पाहिलं की बरंच.

पवित्र क्षेत्र हे दोन-तीन ओढ्यांच्या मधल्या अरुंद घळीत आहे. प्राचीन शहर शेजारीच, पण शहरातून क्षेत्र दिसत नाही. यात्रेकरू आधी इजिप्तचा राजा टॉलेमी दुसरा याने इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या महाद्वारातून येत. हे महाद्वार एका ओढ्यावर उभं आहे. खालून कमानीचा बोगदा काढून पाणी वळवलेलं होतं. बोगदा अजून धड आहे, फक्त भूकंपानंतर ओढ्याने वाट बदलली आणि पाणी त्यातून जायचं बंद झालं. म्हणजे आत शिरताना पायाखाली पाण्याचा आवाज, समोर अंधार. पुढे पायऱ्यांचं एक गोल रिंगण, इ.स.पू. 400 च्या सुमाराचं. लोक सभोवार पायऱ्यांवर उभे राहत, मधे काही तरी घडे. नंतरच्या काळात त्या रिंगणाभोवती वरच्या बाजूला काशाच्या पुतळ्यांच्या बैठका बसवल्या गेल्या. पुतळे वितळवले गेले, बैठका उरल्या. त्यांवरून समजतं, की नव्याने येणाऱ्याच्या भोवती माणसाच्या उंचीच्या मूक आकृतींचं कडं होतं, मशालीच्या हलत्या उजेडात. तिथून मार्ग तीव्र उताराने घळीत उतरतो आणि तेव्हा कुठे मुख्य इमारती दिसतात.

हे सगळं रात्री घडत असे याचा पुरावा आहे दिव्यांचा. मातीचे दिवे ढिगाने मिळतात, संगमरवरी दिवेही आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून नेत असतील का? काही अभ्यासक मानतात. ‘मिस्टरी’ या शब्दाच्या मुळाशी डोळे किंवा ओठ मिटणं हाच अर्थ आहे. पण पट्टीचं कापड कुजून जातं, म्हणून मी त्यावर गप्प बसतो.

दीक्षितांना दोन खुणा मिळत. एक जांभळा पट्टा, कमरेला बांधायचा. तो अर्थातच उरलेला नाही, प्राचीन लेखकांच्या उल्लेखांतून कळतो. दुसरी लोखंडी अंगठी. अशा काही अंगठ्या उत्खननात निघाल्या आहेत. रोमन कवी लुक्रेशियसने चुंबकाचं वर्णन करताना सामोथ्रेसचं लोखंड चुंबकाजवळ उड्या मारताना पाहिल्याचं लिहिलं आहे. मला ही सबंध कहाणीतली सगळ्यात मोलाची वस्तू वाटते. सोनं नाही, मूर्ती नाही. गंजलेलं लोखंडाचं वळं, जे बोटात घालून माणूस घरी जाई, आणि परक्या बंदरात दुसऱ्याच्या बोटात तसंच वळं दिसलं की ओळखत असे. ज्यांचा धंदाच समुद्रावर, त्यांना अशी ओळख किती कामाची असेल याचा विचार करा. याद्यांमधली गावं नकाशावर मांडून, कोणती बंदरं या दीक्षेने एकमेकांना जोडली गेली होती याचा अभ्यास अलीकडे झाला आहे. मला तो गुपिताच्या शोधापेक्षा फार पुढे गेलेला वाटतो.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर पश्चिमेच्या टेकडीवर भोजनाच्या खोल्या होत्या. तिथल्या खास शंकूच्या आकाराच्या, पातळ वाट्या मला सर्वांत प्रिय. काही भांड्यांवर ‘थीटा’ हे एकच ग्रीक अक्षर, म्हणजे ‘देवाचं’. आपल्याकडे मंदिराच्या भांड्यांवर संस्थानचं नाव कोरतात, त्यातलाच प्रकार. चोरीला आळा!

पैशाचा मागोवा हा तर वेगळाच आनंद. इ.स.पू. सातव्या शतकापासून इथे पूजा चालू असल्याच्या खुणा आहेत, पण मोठी बांधकामं म्हणावीत अशी चौथ्या शतकापर्यंत फारशी नाहीत. मग एकदम लाट येते. मॅसिडोनचा फिलिप दुसरा आणि एपिरसची राजकन्या ऑलिम्पियास हे तरुणपणी इथेच दीक्षा घेताना भेटले आणि प्रेमात पडले, असं प्लुटार्क सांगतो. त्यांचा मुलगा अलेक्झांडर. प्रेमकथा खरी असो वा नसो, मॅसिडोनचा पैसा खरा आहे. नर्तकींच्या रांगेचा पट्टा असलेलं सभागृह, अलेक्झांडरनंतर गादीवर बसवलेल्या दोन नामधारी राजांच्या नावाची इमारत, हिएरोन, ज्याच्या छताने जवळजवळ 11 मीटरची रुंदी मधे एकही खांब न देता पेलली होती. मग आर्सिनोई राणीची गोल इमारत, सुमारे 20 मीटर व्यासाची, ग्रीक जगातल्या माहीत असलेल्या बंदिस्त गोल वास्तूंत सर्वांत मोठी. तिच्या दारावरचा लेख तुटका आहे, त्यामुळे राणीने ती कोणत्या नवऱ्याच्या राज्यात बांधली यावर वाद आहे. पुढे सावत्र भावाने तिच्या दोन मुलांना ठार मारलं तेव्हा ती जीव वाचवायला याच बेटावर आली. इ.स.पू. 168 मध्ये रोमनांनी हरवलेला मॅसिडोनचा शेवटचा राजा पर्सियसही इथेच शरण मागायला आला. तो वाचला नाही, पकडला गेला.

या राजांच्या इमारती एकमेकींशी जुळत नाहीत. ग्रीक खांबांच्या धाटण्याच वेगवेगळ्या: कोणी डोरिक, कोणी आयोनिक, टॉलेमीच्या महाद्वाराला एका बाजूला कोरिंथियन खांब. एकाच आराखड्याने बांधलेलं हे तीर्थ नाही. प्रत्येक यजमानाला शेजारच्यापेक्षा उठून दिसायचं होतं. घळीत जागा अपुरी, म्हणून आधाराच्या भिंती घालून, ओढे वळवून जागा काढली गेली. निसर्गाने तेव्हापासून सूड घेतला आहे. इ.स.पू. पहिल्या शतकात चाचे आले आणि 1000 तालांतांची (तालांत हे तेव्हाचं पैशाचं मोठं माप) लूट घेऊन गेले, पण ओढे आणि भूकंप दरवर्षी थोडं थोडं नेतात. मे 2014 मध्ये बेटाजवळ 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. सप्टेंबर 2017 मध्ये ढगफुटी होऊन बेटावर मोठा पूर आला. त्यात भर म्हणजे बेटावरच्या मोकाट शेळ्या, माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त. त्या डोंगर बोडका करतात, माती सुटते आणि पावसात ती खालच्या घळीत उतरते. क्षेत्राच्या संरक्षणाचा आराखडा करताना शेळ्यांचा विचार करावा लागतो, हे विद्यापीठात कोणी शिकवत नाही.

त्यामुळे सध्याच्या कामाचा मोठा भाग नव्या खणतीचा नाही. जुन्या डायऱ्या पुन्हा वाचणं, विखुरलेला दगड न् दगड मोजून तो कुठल्या इमारतीचा ते ठरवणं, ओढ्याची मूळ पातळी शोधणं आणि त्यावरून संगणकावर सगळं क्षेत्र उभं करून त्यातून चालून पाहणं. कुठल्या वळणावर काय दिसत होतं, काय लपत होतं, हे त्यातून तपासता येतं. विजयदेवी कारंज्याच्या कुंडात उभी होती, पाण्यात तिचं प्रतिबिंब पडे, हे लेमान यांचं सुंदर चित्र याच फेरतपासणीत डळमळलं. पाण्याचा पुरावा टिकत नाही. वाईट वाटलं, पण काय करणार.

तुम्ही जाणार असाल तर सांगतो: सकाळी लवकर महाद्वाराच्या बाजूने जा आणि बोगद्यापाशी थोडं थांबा. हिएरोनचे पाच खांब 1950 च्या दशकात पुन्हा उभे केले आहेत, फोटो सगळे तिथेच काढतात. तुम्ही रिंगणाच्या पायऱ्यांवर बसा. दुपारी संग्रहालय, आणि तिथे वाट्यांचं कपाट चुकवू नका.

राहिलं डोकं. शांप्वाझो 1891 मध्ये खास त्यासाठीच पुन्हा आला होता आणि रिकाम्या हाताने गेला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत तळवा मिळाला, बोटं मिळाली, डोकं नाही. संगमरवर भाजला की उत्तम चुना होतो आणि ग्रीसभर मध्ययुगात पुतळे याच वाटेने गेले. डोकं सुटं, उचलायला सोपं. तुम्ही मला टेकाडावरच्या त्या आजींसारखं खडसावून विचारलंत, तर मी म्हणेन की ते चुन्याच्या भट्टीत गेलं असावं आणि बेटावरच्या कुठल्या तरी जुन्या भिंतीला लागलेलं असावं. तरी पण ओढ्याकाठी गाळ उपसताना पांढरा दगड दिसला की हात थांबतो, एवढं खरं.